कारण मिटलं

तात्यांना कारण सांगायचं नाही. नाही म्हणा, तोंड फिरवा, वाटलं तर चार शब्द सुनवा. पण कारण सांगू नका. धावड्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला असलेल्या आमच्या लहानशा गावात मी शाळेवर रुजू झाले, तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या शांताबाईंनी पहिल्याच दिवशी मला हे बजावलं होतं. मी मनात म्हटलं, असेल कोणी तिरसट म्हातारा. शिक्षकाला प्रत्येक गावात एक तरी भेटतोच.

तिरसट नव्हतेच ते. तिथंच तर माझे वांधे झाले.

त्याच आठवड्यात एक उंच, वाळकुडे गृहस्थ वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, काखेत फुगलेली कापडी पिशवी. म्हणाले, मॅडम गावात नवीन आहेत, आज दुपारी आमच्या घरी जेवायचं. मला त्या दिवशी लवकर भोकरदनला घरी परतायचं होतं आणि शांताबाईंचं बोलणं मी साफ विसरले होते. वार गुरुवार होता. मी म्हटलं, आज माझा उपवास असतो हो. दर गुरुवारी का, त्यांनी विचारलं. दर गुरुवारी, मी म्हटलं. खोटं बोलताना माणूस उगाच सढळ होतो.

"मंग कारण मिटलं," ते म्हणाले, तळव्यावर तळवा झाडला आणि निघून गेले.

मला वाटलं, सुटले. मधल्या सुट्टीत त्यांची नात ईश्वरी, माझ्याच दुसरीच्या वर्गातली, घरून डबा घेऊन हजर. भगर, शेंगदाण्याची आमटी आणि वर केळी. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मी आजतागायत गुरुवार धरते. माझ्या सासूबाईंना कोण कौतुक, नोकरी सांभाळून सून व्रत करते म्हणून. कोणत्या देवाचं, ते अजून माझं ठरलेलं नाही.

आपण कारण सांगतो ते विषय संपवायला. तात्यांचा विषय तिथून सुरू व्हायचा. त्यांच्या लेखी कारण म्हणजे वाटेत आडवा पडलेला दगड. तो उचलून बाजूला ठेवला की माणूस आपोआप पुढं येतो, इतका साधा हिशेब. त्या पिशवीत खिळे, सुतळी, पकड, ओव्याची पुडी, बामची डबी, सुईदोरा असं सगळं असायचं. भजनाला का आला नाहीस म्हणावं, तर समोरचा चुकून घसा बसलाय म्हणायचा. की निघाली पिशवीतून ज्येष्ठमधाची काडी. चप्पल तुटली म्हणावं, तर तिथंच पारावर बसून शिवून द्यायचे. मग दोन्ही हात झाडून तेच दोन शब्द. गावातली माणसं त्यांना दुरून बघून बोळ बदलायची आणि बोळ का बदलला याचं कारणही तयार ठेवायची.

रामकिसनच्या शिडीचा किस्सा तर लोक अजून चघळतात. रामकिसन म्हणजे तात्यांचा शेजारी, कोणाला कधी सुई देखील हातउसनी न देणारा. तात्या त्याच्याकडं शिडी मागायला गेले. तो म्हणाला, दिली असती तात्या, पण मधली पायरी मोडलीय, तुम्ही पडाल. तात्या म्हणाले, बराबर आहे, उद्या खिळे घेऊन येतो. आता शिडी तर धडधाकट होती. रामकिसननं संध्याकाळी हातोडा घालून आपल्याच चांगल्या शिडीची पायरी आपल्याच हातानं मोडली. दुसऱ्या दिवशी तात्या आले, त्याच्या ओट्यावर दुपारपर्यंत बसून पायरी ठोकली, चहा प्यायले, साऱ्या जुन्या गप्पा काढल्या आणि शिडी घेऊन गेले. वर रामकिसनला त्यांचे आभार मानावे लागले.

ऐकणाऱ्याला हसायला बरं असतं. त्या घरात राहणाऱ्याचं काय, हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. मनीषा तिचं नाव. तात्यांची बायको पूर्वीच गेलेली, मुलगा गजानन जालन्याला स्टीलच्या कारखान्यात, सुट्टीला तेवढा यायचा. घरात तात्या, मनीषा आणि ईश्वरी. एकदा पालकसभा संपल्यावर मनीषा मागं थांबली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात डोकं दुखतं म्हणायचीसुद्धा सोय न्हाई. लगेच बाम, लगेच काढा, लगेच खिडकीला गोधडी. मला नुसतं पडून राहायचं असतं हो." मी हसले. तीही हसली आणि हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला. त्या वेळी मला ते फारसं लागलं नाही, आता फार लागतं.

त्याच उन्हाळ्यात गजानन टेम्पो घेऊन आला. जालन्याला मस्तगडात त्यानं खोली बघितली होती. ईश्वरीचा शाळेचा दाखला द्यायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा गाद्या-भांडी टेम्पोत चढत होती. तात्या ओट्याच्या कडेला उभे. त्यांनी एकदाच विचारलं, "कारण?"

गजानन दोरीची गाठ आवळत होता. ती आवळून झाली तरी तो आवळतच राहिला.

"तात्या, शाळेत लाईट न्हाई. पंखा न्हाई, कंप्युटर न्हाई. पोरीनं शिकायचं कसं?"

मग त्याला मी दिसले आणि तो ओशाळला. शाळेची तार वादळात तुटली होती आणि ती तुटलेलीच होती, हे खरं. पण तेवढ्यासाठी कोणी बिऱ्हाड हलवत नाही, हे तिथं बांधलेल्या शेळीलाही कळत असावं. तात्यांचा चेहरा मात्र उजळला. "एवढंच ना?" ते म्हणाले. टेम्पो गेला. ईश्वरी मागच्या फळीला धरून वळणापर्यंत हात हलवत होती.

शाळा उघडली त्या दिवशी तात्या माझ्या आधी शाळेत. लाईट आणायची. लाईट आली की पोरगी आली. मी त्यांच्यासोबत वीज कचेरी गाठली. वीज कचेरीतून त्यांना सांगण्यात आलं, वरून खांब आले की बघू. मग तात्या खांब कुठून येतात ते बघायला निघाले होते, त्यांना एसटीत चढता चढता मी परत आणलं. परत येताना त्यांना कोणाच्यातरी शेतात सोलरचा पंप दिसला. ते बांधावर थांबले ते हलेनात. म्हणाले, उन्हावर विहिरीतलं पाणी वर चढून राह्यलं, मंग शाळेतला पंखा फिरणार न्हाई का?

तिथून मस्तगडातल्या शेठजींची पाळी आली. शेठजींचं बियाण्यांचं दुकान, घराणं मूळचं राजस्थानकडचं, पण पिढ्यांपासून जालन्यातलंच. तात्यांच्या वडिलांपासून आमच्या गावात पेरलेलं बियाणं त्यांच्याच दुकानातलं. आईच्या नावानं ते शाळांना काही ना काही देतात, हे तात्यांना ठाऊक होतं. मला सोबत घेऊन ते शाळेसाठी सोलर मागायला गेले. शेठजी गोड माणूस, नाही कसं म्हणायचं हे त्यांना धंद्यानं शिकवलेलं. म्हणाले, "तात्या, बिलकुल देऊ. पण तुमच्या शाळेला पत्रे. त्यावर हे बसत न्हाई."

मी डोळे मिटले. शेठजींनी कारण सांगितलं होतं.

आमच्या शाळेची एक खोली स्लॅबची आहे, हे तात्यांनी पुढच्या खेपेला सांगितलं. मग शेठजींना वाटलं की स्लॅब गळका असेल. तात्यांनी गावातून माणसं गोळा करून त्यावर सिमेंटचा थर मारून घेतला. शेवटी शेठजी म्हणाले, तुमच्याकडं डोंगरातली वानरं लई, काचा फोडतील. पुढच्या खेपेला तात्या म्हणाले, वानरांचं मिटलं. कसं काय, शेठजींनी विचारलं. तात्या म्हणाले, "मी वर बसतो ना."  शेठजी मला म्हणाले, मॅडम, असा एक माणूस मी दुकानात ठेवला असता तर गिऱ्हाईक कधी रिकामं गेलं नसतं. आणि आतल्या मुलाला हाक मारली, "लगा दे रे बाबा इनका."

त्या दिवशी दुकानातून उतरल्यावर आम्ही एका गल्लीच्या तोंडाशी आलो. गजाननची खोली त्याच गल्लीत होती. तात्यांच्या पिशवीत त्या दिवशी पकड-खिळे नव्हते, भाजलेल्या शेंगा होत्या. मी म्हटलं, चला, आलोच आहोत तर पोरीला बघून जाऊ. ते गल्लीकडं बघत उभे राहिले. म्हणाले, त्यानं कारण सांगितलंय मॅडम, ते मिटल्याबिगर कसं जावं? शेंगा एसटीत मला दिल्या. मी भोकरदनपर्यंत त्या खात आले आणि एकही गोड लागली नाही.

थंडी पडायला लागली आणि फिटिंगवाली माणसं आली, सोबत शेठजींनी दिलेला एक टीव्हीही. रामकिसनची शिडी आपसूक हजर झाली. कारण सांगायची त्याची हिंमतच नव्हती. लोखंडी सांगाडा उभा राहिला, त्यावर एकेक काळं निळसर तावदान चढलं. खाली पोरं ओरडली, केवढी मोठी पाटी. तेव्हापासून तात्याही त्यांना पाट्याच म्हणतात. नारळ फुटला, काचेवर हळदीकुंकू वाहायचं नाही म्हणून शांताबाई जरा रुसल्या, मग त्यांनी सांगाड्याच्या पायाला बोटं लावली. फिटरनं सांगितलं की धूळ बसली की लाईट कमी होते, अधूनमधून पुसत जा. हे त्यानं सगळ्यांना सांगितलं, पण ऐकलं एकट्या तात्यांनी.

मग मी वर्गात येऊन बटन दाबलं. पंखा आधी कुरकुरला, मग फिरला, आणि त्यावरचं चिमणीचं जुनं घरटं काड्या-पिसांसकट तात्यांच्या टोपीवर आलं. सगळी शाळा हसून लोळली. तात्यांनी टोपी काढली नाही. काड्या डोक्यावर तशाच ठेवून ते वर बघत होते.  नुसते हात झाडले आणि माझ्या मोबाईलकडं बोट दाखवलं.

मी गजाननला फोन लावून दिला. तात्या मोबाईल तोंडासमोर धरून गावभर ऐकू जाईल असं बोलले: लाईट आली, टीव्ही आला, कंप्युटर शेठजी देऊन राह्यले, पोरीला घेऊन ये. पलीकडं कारखाना घरघरत होता. मग गजानन म्हणाला, मीच येतो तात्या, समोर बसून बोलू.

आणि तो आला, हे खरं. एका रविवारी ईश्वरीला मोटारसायकलवर पुढं बसवून आला. मनीषा आली नाही. तात्यांनी मला भोकरदनहून बोलावून शाळा उघडायला लावली. कडाक्याची थंडी, आणि तात्यांनी सगळे पंखे सोडले. गजानन जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढून, मी शाल पांघरून आणि ईश्वरी कानटोपी घालून त्या वाऱ्यात बसलो होतो. कोणी बंद करा म्हणालं नाही. मग तात्या नातीला घेऊन शिडीनं वर गेले. खाली आम्हाला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. ईश्वरीनं ओल्या फडक्यानं एक पाटी पुसली, आमच्या वर्गात पुसायची तशी, आणि वाळावी म्हणून तिच्यावर फू फू करत राहिली. "आजोबा, वाळली," तिनं वरून ओरडून सांगितलं. गजानन मान खाली घालून बुटाच्या टोकानं फरशी उकरत होता. संध्याकाळी निघताना मोटारसायकलला किक मारून म्हणाला, "तात्या, पण इथं इंग्लिश न्हाई ना."

दुसऱ्या दिवसापासून तात्या दुसरीच्या वर्गात मागच्या पट्टीवर. टीव्हीवर इंग्रजीचा पाठ लागला की पोरांबरोबर मोठ्यानं म्हणायचे. मला विचारलं, कारणाला इंग्लिशमधी काय म्हणतात. मी सांगितलं, रीझन. ते दिवसभर तेच घोकत होते. गावात कोणी काही म्हणालं की, "रिजन सांगा." लोक आधीच कारणाला भ्यायचे, आता इंग्रजीतूनही भ्यायला लागले. शाळेत इंग्रजी नीट सुरू झालं की हे मिटतंय, असं ते मला ऐकवायचे. गुरुवारचा डबा मात्र चालू होता. आता भगर ते स्वतः शिजवायचे. तळाला लागलेली, बहुतेक वेळा अळणी. मी खाईपर्यंत समोर बसून राहायचे.

एका गुरुवारी माझ्याच्यानं राहवेना. सकाळी ते वर पाट्या पुसत होते. मी साडीचा पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा शिडी चढले. इतर पायऱ्या लचकत होत्या, तात्यांनी ठोकलेली मधली तेवढी घट्ट होती. वर गेल्यावर मला दिसलं की त्या स्लॅबवरून धावड्याकडून येणारा रस्ता थेट वळणापर्यंत दिसतो. गावात दुसऱ्या कुठूनही तो दिसत नाही.

मी म्हटलं, तात्या, रागावू नका, पण एक सांगते. लाईट हे कारण नव्हतं. इंग्लिश हेही नाही. मनीषाचं काय म्हणणं होतं तेही मी सांगितलं, जमेल तितकं मऊ करून. ते ऐकत होते आणि फडकं पिळत होते. त्यातलं पाणी संपलं तरी पिळत होते.

"मला काय कळत न्हाई का मॅडम?" ते म्हणाले. "तिचं डोकं दुखायचं न्हाई, माझंच ओझं व्हायचं तिला. कळायचं, पण हात थांबायचा न्हाई. आता तिला काय म्हणून बोलावू?"

मी म्हटलं, मग ही एवढी खटपट कशासाठी?

"लाइटीचं मिटलं तवा तो आल्ता ना. फोनवर खोटं कारण सांगायची त्याला लाज वाटती, लहानपणापासून. समोर यावं लागतं. इंग्लिशचं मिटलं की मंग येईल तिसरं सांगायला. पोरगी दिवसभर व्हती त्या दिवशी, बघितलं ना तुम्ही?"

 ते पुढच्या पाटीकडं सरकले आणि पाठमोरेच म्हणाले, "तुम्ही पहिल्या गुरुवारी उपवास सांगितला, तवा तुमच्या व्हटाला पोह्याची हळद व्हती. रामकिसनची पायरी पण हातोडा घातल्याबिगर मोडायची न्हाई, अशी पक्की. म्हणलं, सांगतेत तर सांगू द्या. कारण सांगितलं म्हंजे पुन्हा यायची सोय झाली. नुसतं न्हाई म्हणलं असतं तर काय केलं असतं म्या?"

 त्या दुपारी डब्यातली भगर नेहमीसारखीच करपलेली होती. मी चाटून पुसून खाल्ली आणि आणखी आहे का विचारलं.

मध्ये मी गजाननला फोन केला होता. तात्यांचं इंग्लिशचं मिटत आलंय, पुढचं कारण सांगायला ये, असं मी म्हटलं.  तो म्हणाला, मॅडम, काही कारण नसताना आलो तर? मी म्हटलं, अरे, मग तर कोणी हात झाडणार नाही, ये. येतो म्हणाला. मनीषाला पण विचारतो म्हणाला. त्याला आता बरेच दिवस झाले आणि वळणावर रोज येणारी एसटीच येते.

परवा ऊन नुसतं भाजून काढत होतं. शाळा सुटली, पोरं पांगली, शांताबाईंनी भांडी आवरली, तरी तात्या वरच होते. मी खालून हाक मारली, तात्या, उतरा आता, चटके बसतील.

ते पाट्यांच्या मधोमध उभे होते, तोंड धावड्याच्या रस्त्याकडं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाट्या वाळल्या न्हाईत मॅडम अजून."

सकाळी पुसलेल्या त्या काचा उन्हात इतक्या चकाकत होत्या की वर बघवत नव्हतं. मी ते कारण मिटवलं नाही. बरं म्हटलं, पाण्याचा तांब्या भरून शिडीच्या मधल्या पायरीवर ठेवला आणि स्कूटी सुरू केली.